चिंचेखालचा सतरा नंबरचा दिवा

आज सकाळी झेंडावंदनानंतर झालेल्या ग्रामसभेत सरपंचांनी माईक हातात धरून मला विचारले, "बाई, आता तुम्हीसुद्धा विकासाच्या आड येणार का?" सभा हसली. मीही क्षणभर हसले, कारण ज्याच्या हातात माईक नाही त्याला त्या वेळी दुसरे काही करता येत नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना मी चौथीपर्यंत शिकवले आहे, खुद्द सरपंचांनाही. घरी येऊन जेवण झाले, भांडी झाली, तरी ते हसू घशातून खाली उतरलेले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी विचारले काय होते, ते आधी सांगते. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात तीस नवे सौर पथदिवे घेण्यासाठी साडेसात लाख रुपयांची तरतूद वाचून दाखवण्यात आली. त्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले, की तीन वर्षांपूर्वी असेच चोवीस दिवे घेतले होते, त्यांपैकी आज रात्री किती पेटतील एवढे सांगावे, आणि त्यांचे हमीपत्र कोणत्या फाइलीत आहे तेही सांगावे. बस्स. यात विकासाच्या आड काय आले? आपल्याच पैशाने घेतलेली वस्तू चालू आहे की बंद आहे, हे विचारणे जर विरोध असेल, तर मग ग्रामसभा भरवायची तरी कशाला? शंभर सह्या घरोघर फिरवून गोळा केल्या की कोरम पूर्ण होतो, चहा-बिस्किटाचाही खर्च वाचेल.

चोवीसांपैकी एक दिवा माझ्या घरासमोर आहे. खांबावर पिवळ्या रंगात १७ असा आकडा घातला आहे. ज्या दिवशी ठेकेदाराची मुले खड्डा खणायला आली, त्या दिवशी मी अंगणात गहू निवडत बसले होते. त्यांनी पहार जिथे मारली ती जागा आमच्या दाराच्या चिंचेखाली, बुंध्यापासून जेमतेम चार हातांवर होती. मी उठून गेले आणि म्हटले, "अरे बाळांनो, इथे मार्गशीर्षातसुद्धा दुपारी दोननंतर कवडसा येत नाही, तुमच्या दिव्याला ऊन कुठून मिळणार?" त्यातल्या मोठ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, "आजी, यादीत इथेच आहे." दहा पावलांवर रस्त्याच्या पलीकडे लख्ख ऊन पडलेले होते. पण यादीत इथेच होते.

सरपंचांचे पहिले उत्तर असे, की हा निधी वरून येतो, मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जातो. हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे ऐकते आहे. वरून म्हणजे कुठून? आभाळातून पाऊस पडतो तसा वित्त आयोगाचा पैसा पडत नाही. तुम्ही काडेपेटी घेता तेव्हा जो कर भरता, तोच फिरून गावात येतो. निधी परत जाईल या भीतीने सावलीत सौर दिवा लावणे म्हणजे गाडी चुकेल म्हणून भलत्याच गाडीत बसणे होय.

दुसरे उत्तर अधिक झोंबले. "आपल्याच जिल्ह्यातली मान्याचीवाडी बघा, राज्यातले पहिले सौरग्राम झाले, आणि आपण खांब मोजत बसलो आहोत." मान्याचीवाडीचे नाव घेतले की टाळ्या पडतात, पडाव्यातही. पाटण तालुक्यातली ती शंभरेक घरांची वाडी आहे आणि तिने जे केले त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण तिथल्या लोकांनी आधी कित्येक वर्षे स्वच्छतेपासून एकेक गोष्ट सांभाळून दाखवली आणि मग सौरऊर्जेला हात घातला. आपण त्यांच्याकडून फक्त पॅनेल उचलले. सांभाळणे तिथेच ठेवून आलो.

मला सौरऊर्जेचे वावडे आहे असे कुणी समजू नये. माझ्या स्वतःच्या स्लॅबवर दोन किलोवॉटचा संच आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून साठ हजार रुपये अनुदान मिळाले आणि उरलेले मी निवृत्तिवेतनातून घातले. चांगल्या उन्हाच्या दिवशी सात-आठ युनिट तयार होतात. दर रविवारी सकाळी ऊन तापण्याआधी मी शिडी लावून वर जाते आणि ओल्या फडक्याने काचा पुसते, कारण ऊसतोडीच्या दिवसांत पाचट जाळले की काजळीचा थर बसतो आणि उत्पादन घटलेले मोबाइलवर सरळ दिसते. म्हणजे पुसायला माणूस लागतो. गावातल्या चोवीस पॅनेलांवर तीन वर्षांत फडके फिरवणारा एक माणूस मी पाहिलेला नाही.

आता सतरा नंबरचे पुढे काय झाले ते ऐका. पहिला उन्हाळा तो रात्री नऊ-साडेनऊपर्यंत जळायचा. पहिल्या पावसाळ्यात तासभर, मग नुसता लुकलुकायचा, आणि दुसऱ्या पावसाळ्यात कायमचा गेला. यात जादूटोणा काही नाही. ढगाळ दिवसांत बॅटरी पुरती भरत नाही, दिवा मात्र अंधार पडला की आपोआप लागतो आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी करतो. असे वारंवार झाले की शिशाची बॅटरी बसते. त्यात वरून चिंचेची सावली, आणि पॅनेलवर चिंचेचा पाला. मी तोंडी सांगितले, मग अर्ज दिला, मग दुसरा अर्ज दिला. शेवटी कंटाळून आमच्या भाच्याला, जो तालुक्याला वायरमनचे काम करतो, खांबावर चढवले. त्याने डबा उघडला तर आधी पालीची दोन अंडी निघाली आणि मग बॅटरी. बॅटरीवरच्या चकचकीत चिकटपट्टीवर तिची क्षमता ४० अँपिअर-अवर अशी छापली होती. पट्टीचा एक कोपरा सुटला होता, तो भाच्याने नखाने ओढला. खाली दुसरी पट्टी होती. तिच्यावर २० होते.

मी ती बॅटरी पिशवीत घालून ग्रामपंचायतीत नेली आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवली. ते बिचारे भले गृहस्थ आहेत, तीन गावांचा कारभार एकट्याने ओढतात, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, हे माझ्या आधीच्या काळातले आहे." ती बॅटरी त्यानंतर कपाटावर होती, आज मी पाहिले तर तिथेही नाही.

एक गोष्ट मला मान्य करावीच लागेल. २०२१ साली पथदिव्यांच्या थकबाकीपायी गावोगावची जोडणी तोडली गेली, सरपंच मंडळींनी राज्यभर ओरड केली आणि अखेरीस ती बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून भरा असे सांगण्यात आले. त्या दिवसांत ज्या वस्त्यांवर सौर दिवे होते तिथेच काय तो उजेड होता. हे खरे आहे. पण त्यांना ऊन मिळत होते, हेही खरे आहे.

आणि आता हिशेबाचे बोलते, कारण ते माझे आवडते काम. आपल्या नळपाणी योजनेचा पंप दहा अश्वशक्तीचा आहे, म्हणजे साधारण साडेसात किलोवॉट. तो रोज पाच तास चालला तर साडेसदतीस युनिट लागतात, महिन्याला अकराशेच्या वर. आता चोवीस पथदिवे घ्या, साधे वीस वॉटचे एलईडी, तारेवरच्या विजेवर चालणारे. अकरा तास जळले तरी सगळ्यांचे मिळून रोजचे सव्वापाच युनिट होतात. साडेसदतीस कुठे आणि सव्वापाच कुठे! चौथीच्या पोरालासुद्धा विचारा, पैसा आधी कुठे वाचवायचा. शिवाय पंपाला बॅटरीच लागत नाही. दिवसा ऊन असते, दिवसा पंप चालतो, पाणी टेकडावरच्या टाकीत चढते आणि संध्याकाळी नळाला येते. टाकी हीच बॅटरी. तिला पट्टी चिकटवून वीसची चाळीस करता येत नाही, तिच्यात पाली अंडी घालत नाहीत, आणि ती चोरूनही नेता येत नाही.

हे माझे एकटीचे डोके नाही. परवा अंगणवाडीत महिला सभा झाली, तेव्हा बायकांनी एका सुरात हेच सांगितले होते. गेल्या उन्हाळ्यात पंपाचे बिल थकले म्हणून अकरा दिवस नळाला पाणी नव्हते आणि त्या अकरा दिवसांत मळ्यातल्या विहिरीवरून हंडे कोणी आणले, हे मी लिहायला नको. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला असतो, मग त्यातून पंप सौर का करू नये, असा प्रश्न एका सुनेने विचारला, जिचे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे आणि जिचा मला आज सरपंचांपेक्षा जास्त अभिमान वाटतो. आजच्या सभेत महिला सभेचे इतिवृत्त वाचले गेले तेव्हा त्यात एकच ओळ होती: "महिलांनी सुरक्षिततेसाठी जादा पथदिव्यांची मागणी केली." मी बायकांकडे पाहिले. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. कुणी काही बोलले नाही, कारण सगळ्यांचे नवरे, दीर, सासरे समोरच्या खुर्च्यांवर होते.

इथे मला जो राग आला तो दिव्यांवरचा नव्हता. बाईच्या तोंडचे पाणी काढून तिथे दिवा बसवायचा आणि वर तिच्याच सुरक्षिततेचे नाव द्यायचे! आमच्या वस्तीच्या वळणावर काळोख आहेच, कोण नाही म्हणते? पण तो काळोख सतरा नंबरच्या खाली आहे, दिवा असलेल्या खांबाच्या खाली. त्या खांबाला सध्या शेजारच्या सुनेने वाळवणाची दोरी बांधली आहे. दुसरे टोक चिंचेला. इतका सरळ, न गंजणारा खांब धुणे वाळत घालायला दुसरीकडे मिळाला नसता, हे मात्र ठेकेदाराचे उपकार.

काही जण म्हणतील, बाई निवृत्त झाल्या, वेळ जात नाही, म्हणून खांब मोजतात. असेल तसे. पण मी मोजले आहेत. शनिवारी रात्री आठ वाजता काठी आणि विजेरी घेऊन मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत आणि तिथून मळ्याच्या वाटेपर्यंत चालत गेले. चोवीसांपैकी नऊ चालू, चार लुकलुकणारे, अकरा बंद. शाळेसमोरचा बंद आहे. त्या शाळेच्या वर्गात डिजिटल म्हणून मिरवलेला टीव्ही मी निवृत्त व्हायच्या आधीपासून टेबलक्लॉथखाली झाकलेला आहे, कारण शाळेचे वीजबिल भरायचे कोणी यावर दरवर्षी पत्रव्यवहार होतो. शाळेचे छप्पर गावातले सगळ्यात मोठे, त्यावर दिवसभर ऊन, झाडाचे पानसुद्धा आडवे नाही. तिथे दोन-तीन किलोवॉट बसवा असे मी सुचवले, तर उत्तर आले की शाळा आमच्या अखत्यारीत येत नाही. चिंच येते वाटते.

हे लिहीत असताना साडेनऊला सरपंचांचा फोन आला. मी फेसबुकवर लिहिणार हे कुणीतरी त्यांना सांगितले असावे. आवाज सकाळच्या माईकवरचा नव्हता, वजाबाकीत हातचा विसरल्यावर वहीवर हात ठेवून उभा राहणाऱ्या मुलाचा होता. "बाई, सकाळचे मनावर घेऊ नका. उद्या माणूस पाठवतो, सतरा नंबरला नवी बॅटरी टाकून देतो." मला क्षणभर वाईट वाटले. हे दवाखान्यात होते तेव्हा रात्री दोन वाजता गाडी काढणारा हाच मुलगा, ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण मग लक्षात आले की तो मला माझ्या दारापुरता दिवा देऊ करतो आहे, म्हणजे मी गप्प बसावे. उरलेल्या दहांचे काय? आणि चिंचेखाली नवी बॅटरी टाकून तीही पुढच्या श्रावणात बसणार, ते वेगळेच. मी म्हणाले, "बाळा, माझ्या दारचा राहू दे. आधी हमीपत्र कुठे आहे ते सांग, आणि त्या तीस दिव्यांच्या जागी पंपाचा विषय घे. पुन्हा सभा बोलव, बायका यावेळी बोलतील." तो म्हणाला, "बघतो." बघतो या शब्दाचा अर्थ आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी आताच लिहून ठेवला आहे. तीन वर्षांपूर्वीच्या खरेदीची देयके, हमीपत्र, देखभालीचा करार असल्यास त्याची प्रत, दिवे कुठे उभारायचे ती यादी आणि त्या यादीवर सही कोणाची, एवढेच मागितले आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. सोबत दुसरा कागद आहे, नव्या दिव्यांऐवजी पंप सौर करावा या मागणीचा, त्यावर आज संध्याकाळपर्यंत चाळीस बायकांच्या सह्या झाल्या आहेत आणि ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे आहेत. ज्यांची राहिली असेल त्यांनी सकाळी घरी यावे, चहा टाकते. अर्जाला लावायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प मात्र घरात कुठे सापडत नाही. कुणाकडे असला तर दहाच्या आत आणून द्यावा, भाऊसाहेब उद्या दुपारनंतर दुसऱ्या गावाला जातात.