चपट्या नाकाची सहा ‘सत्यं’

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी शहाद्याला गेले होते. दारच्या निंबाला झोका बांधलेला, पोरी गाणी म्हणताहेत, आणि माझी सोळा वर्षांची भाची ओसरीत मोबाइल नाकासमोर धरून बसलेली. मला बघून म्हणाली, “फुई, मनं नाक चपटं शे का वं?”

चपटं म्हणजे माझ्यासारखं. माझ्या भावाचं, आईचं, आजीचं होतं तसंच. बुडाशी रुंद, शेंड्याला गोल. आजवर त्यात कुणाचं काही अडलं नव्हतं. आता अडलं ते नात्यातल्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमुळे. नाव काय, तर ‘परफेक्ट नाक : डॉक्टर लपवतात ती 6 सत्यं’. चोपड्याला परतले तर तोच मेसेज आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर, खाली चार अंगठे. मग मात्र माझं डोकं फिरलं.

पहिलं ‘सत्य’ : रुंद नाक हे मागास, जंगली वंशाचं लक्षण आहे, उच्च कुळांत नाक अरुंदच असतं, आणि हे विज्ञानाने मोजून सिद्ध केलंय.

मोजलं होतं, हे खरं. पण कोणी? हर्बर्ट रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, 1901 च्या जनगणनेचा हा आयुक्त. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं, 100 ने गुणायचं, की आला नासिका निर्देशांक. 70 च्या आत असलात तर अरुंद नाकाचे, 85 च्या वर गेलात तर रुंद नाकाचे. त्यावरून साहेबाने सिद्धान्त ठोकला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. ही मोजमापं पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती आली. 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी मांडलेले नाकांचे आकडे घेतले आणि त्याच आकड्यांवरून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ज्या फुटपट्टीने माणसाची पायरी ठरवायला निघाले होते, तीच फुटपट्टी त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभी केली! पाऊणशे वर्षांपूर्वी निकालात निघालेला माल आमच्या ग्रुपवर ‘विज्ञान’ म्हणून फिरतोय, आणि बी.एड. झालेली माणसं त्यावर अंगठे देताहेत. माझ्या वर्गात अर्ध्या पोरी सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल घरांतल्या आहेत. उद्या हा मेसेज त्यांच्या मोबाइलवर जाणार, तेव्हा त्यांना तोंड कोण दाखवणार?

नाकाची रुंदी जातीशी नाही, थोडीफार हवेशी जोडलेली आहे. बाहेरची हवा गरम आणि ओलसर करून आत पाठवणं हे नाकाचं काम. पूर्वज थंड, कोरड्या मुलखातले असतील तर नाकपुड्या अरुंद, उष्ण आणि दमट मुलखातले असतील तर रुंद, असा कल 2017 च्या एका अमेरिकी अभ्यासात पुन्हा दिसला. (मे महिन्यात आमच्या खान्देशात हवा गरम करायचं काम नाकाला उरतच नाही, ते सोडा.)

आता उडी मारून पाचव्यावर येते, कारण त्याने कुणाचा तरी डोळा जाईल. ‘नाकात एक इंजेक्शन, 15 मिनिटांत धारदार नाक, धोका शून्य, पार्लरमध्येही होतं.’ हे इंजेक्शन म्हणजे फिलर, एक जेल. ते भरल्याने नाक कमी होत नाही, वाढतंच. नाकाचा दांडा उंच झाला म्हणून अरुंद भासतं इतकंच. आणि धोका? नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. सुई धमनीत गेली आणि जेल मागे सरकलं, तर दृष्टिपटलाचं रक्त बंद होऊन माणूस त्याच खुर्चीत आंधळा होऊ शकतो. असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि फिलरसाठी नाक ही सगळ्यांत धोक्याच्या जागांपैकी एक मानली जाते. नाकाची कातडी काळी पडून झडते, तो आणखी वेगळा प्रकार. शिकलेले डॉक्टर फिलर वापरतात, नाही असं नाही. पण जेल विरघळवणारं औषध ते हाताशी ठेवतात. भुवया कोरणाऱ्या बाईकडे ते नसतं.

दुसरं, सुंदर नाक 1.618 च्या ‘सोनेरी गुणोत्तरा’त बसायलाच हवं. हा आकडा लोक गोगलगायीपासून ताजमहालापर्यंत कशालाही चिकटवतात. पुढे जाऊ.

तिसरं : रुंद नाकाला श्वास कमी पडतो, अरुंद केलं की मोकळा होतो. साफ उलटं. श्वास बहुधा अडतो तो आतला पडदा वाकडा असला किंवा आतला भाग सुजला तर. पडदा वाकडा असेल तर ऑपरेशनने आराम पडतो, हे मान्य. पण दिसायला टोकदार हवं म्हणून नाकाला आकार देणारी लवचिक कूर्चा नको तितकी काढली, तर श्वास घेताना नाकाच्या भिंती आत ओढल्या जातात आणि धडधाकट माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो.

चौथं, ‘सुश्रुताने हेच केलं होतं’. अर्धं खरं, आणि कबूल करताना माझ्या जिवावर येतंय. नाक जोडण्याची विद्या आपलीच. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठी बैलगाडीवानाला पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या माणसाने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं, ती हकिगत 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिथले डॉक्टर त्यावरून शिकले. पण ते कापलेलं नाक होतं. आजीसारखं नव्हे.

सहावं, कपड्याचा चिमटा लावून झोपा. झोपा.

नाक बदलूच नये असं मी म्हणत नाही. युरोपात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनच्या जाक योसेफ या सर्जनकडे ज्यू लोक यायचे, नाकावरून ओळखू येऊ नये म्हणून. पुढे बराच काळ सगळ्यांना एकच साचा लावला गेला. आता समजदार सर्जन तसं करत नाहीत. आपल्याकडे अनेकांची कातडी जाड आणि शेंड्याची कूर्चा मऊ असते. नुसतं कापत गेलं तर वरची कातडी बसत नाही, शेंडा आणखी बोथट होतो. म्हणून पडद्याची, कानाची, कधी बरगडीची कूर्चा लावून आधार देतात, नाकपुड्या हव्या तर थोड्याच आत घेतात, आणि चेहरा घरचाच राहू देतात. सूज पुरती उतरायला वर्ष लागतं, जाड कातडीला त्याहून जास्त.

भाचीला आधी अंगणात उभं केलं आणि पाच फुटांवरून फोटो काढला. फूटभरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं, हे 2018 मध्ये गणित मांडून दाखवलेलं आहे. तिने दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले.

“आनि अठरा व्हयनात मंग?” तिने विचारलं.

मग डॉक्टरकडे मी सोबत येईन म्हटलं. प्लास्टिक सर्जरीची पदवी बघू, आणि पहिला प्रश्न तू विचारायचास, माझ्या नाकातलं काय काय तसंच ठेवणार? त्याने कॉम्प्युटरवर भलत्याच कुणाचं नाक दाखवलं, तर चप्पल घालायची आणि निघायचं.