शेरीफला मतं लागतात

अमेरिकेतले पोलीस म्हणजे बंदूकवाल्यांच्या बाजूचे, असं आज सगळे धरून चालतात. तीस वर्षांपूर्वी चित्र वेगळं होतं, आणि ते किती सहज विसरलं गेलंय याचा मला मनापासून राग येतो.

३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. चौघांना गोळ्या लागल्या. त्यात एक पोलीस होता आणि एक सीक्रेट सर्व्हिसचा माणूस. प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी गेली, ते कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा १९९३ मध्ये झाला, तेव्हा पोलीस संघटना ठामपणे मागे उभ्या होत्या. १९९४ च्या लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवरच्या बंदीलाही त्यांचा पाठिंबा होता. बुलेटप्रूफ जॅकेट भेदणाऱ्या गोळ्यांवरून एनआरएशी, म्हणजे बंदूकमालकांच्या बलाढ्य संघटनेशी, त्यांचं आधीच बिनसलं होतं. साहजिकच आहे, त्या गोळ्या त्यांच्याच छातीत शिरणार होत्या.

मग फाटलं कुठे? ब्रेडी कायद्याने बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायचं काम स्थानिक पोलिसांवर टाकलं होतं. शेरीफ म्हणजे काउंटीचा, आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, पोलीस प्रमुख. मोंटानातल्या एका काउंटीचे शेरीफ जेय प्रिंट्झ आणि ॲरिझोनातल्या एका काउंटीचे रिचर्ड मॅक कोर्टात गेले. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की केंद्र सरकार हे काम त्यांच्यावर लादू शकत नाही. पुढे 'हा कायदा मी राबवणार नाही' असं जाहीर सांगणारे शेरीफच उभे राहिले. ऑरोराच्या थिएटरमधल्या हत्याकांडानंतर कोलोरॅडोने २०१३ मध्ये बंदुकीच्या मॅगझिनवर (गोळ्या भरायच्या कप्प्यावर) १५ गोळ्यांची मर्यादा घातली, तर तिथले बहुतेक शेरीफ कायद्याविरुद्ध कोर्टात!

आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगते. शहराचा पोलीस प्रमुख नेमलेला असतो, काउंटीचा शेरीफ निवडून येतो. माझ्या मते खरी मेख इथे आहे. ग्रामीण काउंटीत बंदुकीविरुद्ध बोलून कोण निवडून येणार? मोठ्या शहरांतले प्रमुख मात्र अजूनही तेच सांगतात जे त्यांचे पूर्वसुरी सांगायचे.

जुलै २०१६ मध्ये टेक्ससमधल्या आमच्या डॅलसमध्ये मोर्चाच्या बंदोबस्तावरचे पाच पोलीस मारले गेले. मोर्चात काही जण खांद्याला रायफली लटकवून आले होते, कायद्याने त्यांना मुभाच होती. गोळीबार सुरू झाल्यावर ते पळाले, आणि यातला मारेकरी कोण हे पोलिसांना कळेना. एका निरपराध माणसाचा फोटो संशयित म्हणून जगभर फिरला. पोलीस प्रमुख डेव्हिड ब्राऊन यांनी ही अडचण उघडपणे मांडली. पाचच वर्षांनी, १ सप्टेंबर २०२१ पासून, टेक्ससने परवान्याशिवाय हँडगन बाळगायला परवानगी दिली. अनेक पोलीस प्रमुखांनी विरोध केला होता. कोणी ऐकलं नाही.

इथे नवीन आलेल्या प्रत्येक मराठी मुलाला आम्ही बजावतो: "पोलिसांनी गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. कागद काढायला ग्लव्ह कंपार्टमेंटकडे आपणहून हात नेऊ नकोस, आधी विचार." महाराष्ट्रात आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना पिस्तुलं पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. इथे रात्री खिडकीशी येणारा पोलीस, आतल्या माणसाकडे बंदूक असणारच, असं धरून येतो. घाबरलेला पोलीस आणि घाबरलेला ड्रायव्हर, दोघांनाही टेक्ससचा हा बिनपरवान्याचा कायदा नडतो.

शेरीफपदाचे उमेदवार सोसायटीत मतं मागायला येतात तेव्हा कर आणि तुरुंगाच्या खर्चावर बोलतात. पुढच्या वेळी मी विचारणार आहे, तुमच्या हाताखालच्या डेप्युटीला रात्री गाडी थांबवताना परवाना पद्धत हवी आहे की नको? इथे मतदार असाल तर तुम्हीही विचारा.