कोपर दुखतंय? ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका

भालाफेक आणि क्रिकेट शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘वाढत्या वयात कोपर दुखतंच. एक्स-रे नॉर्मल असेल तर काळजी नको. शेक द्या, तेल लावा, सराव थांबवू नका. नीरज चोप्राचंही कोपर दुखलं होतं, तरी त्याने सुवर्ण आणलंच.’ हा सल्ला मुलांच्या हाताला महागात पडू शकतो.

वाढीचं दुखणं बहुधा पायांत, रात्री, दोन्हीकडे होतं आणि सकाळी निघून जातं. फक्त फेकणाऱ्याच हाताचं कोपर, तेही बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. जोरात फेकताना कोपराची आतली बाजू ताणली जाते आणि बाहेरच्या बाजूला दोन हाडं एकमेकांवर दाबली जातात. तिथल्या दंडाच्या हाडाच्या गोल टोकाला रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा. हा दाब पुन्हा पुन्हा पडला की कूर्चेखालचं (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत अस्तराखालचं) हाड खचतं, पुढे कूर्चेसकट तुकडा सुटतो. मुलाला दोन्ही हात समोर, तळवे वर करून ताठ करायला सांगा. दुखरं कोपर शेवटपर्यंत सरळ होत नसेल, मध्येच अडकत असेल, तर थेट अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

एक्स-रेचं म्हणाल, तर सुरुवातीला तो नॉर्मल येऊ शकतो. हात सरळ ठेवून काढलेल्या फोटोत ही जखम निसटते. कोपर ४५ अंशांत वाकवून काढला तर जास्त नीट दिसते. तरीही शंका असेल तर एमआरआय. जपानमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांची सोनोग्राफी करतात, कारण सुरुवातीला अनेकांना काही दुखतच नसतं.

शेक-तेलाने खचलेलं हाड भरत नाही. हाडांची वाढ चालू असेल, तुकडा घट्ट असेल आणि कोपर पूर्ण हलत असेल, तर विश्रांतीने जखम अनेकदा भरून येते. पण विश्रांती म्हणजे काही महिने फेकणं बंद, अगदी फील्डिंगमधला थ्रोसुद्धा. तुकडा सैल झाला की बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. जखम मोठी असेल तर कधी गुडघ्यातून कूर्चेसह हाड काढून तिथे बसवतात.

आणि नीरज? मे २०१९ मध्ये मुंबईत कोपराची शस्त्रक्रिया झाल्यावर तो महिनोन्‌महिने स्पर्धांपासून दूर राहिला, दोहाची जागतिक स्पर्धाही सोडली. जानेवारी २०२० मध्ये परतून त्याने ८७.८६ मीटर भाला फेकला, सुवर्ण २०२१ मध्ये मिळालं. तेव्हा तो वाढ पूर्ण झालेला खेळाडू होता आणि तरीही थांबला. त्याचं नाव घेऊन बारा वर्षांच्या पोराला दुखणं सोसायला लावू नका.