शाळेने उभ्या केलेल्या घरातली मुले घरी का शिकतात

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात मंडळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी मला थांबवले आणि अगदी कळवळून विचारले, "अगं, आपल्या लोकांना शाळेनं माणसांत आणलं, आणि तू पोरांची नावं शाळेतून काढलीस?" मी तेव्हा दिलेले उत्तर अर्धवट होते. त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती, म्हणून त्याचे पूर्ण उत्तर इथे सावकाश लिहीत आहे.

आजवर आमच्या निर्णयावर घेतलेल्या आक्षेपांपैकी हा सर्वांत वजनदार आहे, कारण तो खरा आहे. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मिशनच्या बोर्डिंगमध्ये आली, तेव्हा तिच्या घरात कोणालाही अक्षरओळख नव्हती. तिथे ती शिकली, परिचारिका झाली आणि पुढची चाळीस वर्षे स्वतःच्या पगारावर ताठ मानेने जगली. आम्ही नाशिकमधल्या ज्या शरणपूरमध्ये वाढलो, ते शरणपूरही शाळेभोवतीच उभे राहिले. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशन संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही वस्ती वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना नाशिकच्या याच मिशनमध्ये अक्षरांबरोबर हातकामही शिकवले गेले. १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा देह घेऊन इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट याच मिशनच्या शाळेत शिकलेला होता. हा वारसा ठाऊक असलेल्या माणसाला शाळा सोडणे म्हणजे कृतघ्नपणा वाटला, तर त्याला मी दोष देणार नाही. निर्णयाआधीचे कित्येक महिने मलाही तसेच वाटत होते.

तरीही २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही मुलीचे चौथीनंतर आणि मुलाचे पहिलीनंतर नाव काढले. त्याचे पहिले कारण ऐकायला फार साधे आहे. माझे यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करतात. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुले सव्वादोनला बसमधून उतरत, तेव्हा ते कारखान्याच्या वाटेवर असत आणि रात्री साडेअकराला परतत. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी घरी पोचण्याआधीच मुलांची बस गेलेली असे, आणि मुले परत येईपर्यंत त्यांची झोप पूर्ण झालेली नसे. पहिल्या पाळीत ते तीनला सुटत, तर चारपासून सातपर्यंत मुलांची शिकवणी असे. पवित्र शास्त्रातल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात वाढवण्याची आज्ञा बापांना नाव घेऊन दिलेली आहे, आणि आमच्या घरातला बाप आपल्या मुलांना आठवड्यातून जेमतेम एकदा निवांत पाहत होता. एके रात्री जेवताना त्यांनी मला विचारले, "धाकटा हल्ली कशाला घाबरतो, हे तुला तरी माहीत आहे का?" मलाही ते माहीत नव्हते.

पवित्र शास्त्रातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर कशी बिंबवायची ते सांगितले आहे. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलत जा, असे तिथे म्हटले आहे. मी हा भाग लहानपणापासून पाठ म्हणत आले होते, पण त्यात वर्णन केलेला दिवस आमच्या घरी उरलेलाच नव्हता, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले. रात्री नऊला पेंगणाऱ्या मुलांसमोर घाईघाईने वाचलेला एक शास्त्रभाग आणि रविवारच्या शाळेचा एक तास, एवढ्यावर आम्ही ही आज्ञा पाळल्याचे समाधान मानत होतो, आणि तो रविवारही जादा तासांमुळे किंवा सरावामुळे अनेकदा हातचा जाई.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुलांच्या कानावर दुसऱ्या धर्माची प्रार्थना पडू नये, म्हणून आम्ही त्यांना घरी आणलेले नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतल्या अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. आम्हाला त्या अनुच्छेदाचा आधार घेण्याची वेळ कधी आलीच नाही, कारण शिक्षकांनी मुलांच्या श्रद्धेचा नेहमी मान राखला. पवित्र शास्त्रातला दानीएल तर बाबेलच्या राजवाड्यात खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकला आणि तरीही देवाला एकनिष्ठ राहिला. मात्र बाबेलला जाण्यापूर्वी त्याला कोणीतरी घडवले होते, आणि ते घडवणे आमच्याकडून राहून जात होते.

दुसरे कारण धाकट्याचे. त्याला अक्षरे उशिरा उमगत होती. मी स्वतः सात वर्षे एका शाळेत शिकवले आहे आणि माझ्या वर्गात ४८ मुले होती, त्यामुळे त्याच्या बाईंना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मागे पडणाऱ्या मुलापाशी थांबायचे म्हटले तर उरलेल्या सत्तेचाळीस जणांचा तास जातो. पण सहा वर्षांचा मुलगा "मी ढ आहे" असे शांतपणे म्हणू लागला, तेव्हा माझ्यातली शिक्षिका गप्प झाली. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात मुलाला त्याच्या स्थितीस अनुरूप शिक्षण देण्याविषयी सांगितले आहे. स्थितीस अनुरूप, या दोन शब्दांपाशी मी फार दिवस अडखळले होते.

पहिले आठ महिने मी त्याला वाचनाचा आग्रहच केला नाही. वडील रात्रपाळीवरून येऊन झोपून उठले की दोघे मिळून स्टूल, पाट, खोकी असे काहीतरी बनवत, आणि माप घेता घेता त्याचे गणित पुढे गेले. डिसेंबरात आम्ही पांडवलेण्यांत गेलो. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. ही अक्षरे आज आईलाही वाचता येत नाहीत, हे कळल्यावर त्याला जो आनंद झाला, तो मी विसरणार नाही. घरी येऊन त्याने ब्राह्मीतला 'क' आणि 'र' गिरवले, त्यांच्याशेजारी आपला 'क' आणि 'र' काढून पाहिले, आणि उन्हाळ्यापर्यंत तो कौटुंबिक प्रार्थनेत योहानाच्या शुभवर्तमानातल्या चार ओव्या बोट ठेवून वाचू लागला. बौद्ध लेण्यातल्या लेखाने त्याला वाचनाकडे आणले, याबद्दल मी देवाचे आभार मानते.

कायद्याविषयी बरेच जण विचारतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे दहावे कलम मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवते, मात्र ते न करणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाचा त्यात उल्लेख नाही. ही जागा संदिग्ध आहे आणि तिथे उभे राहताना आम्हाला पूर्ण निर्धास्त वाटत नाही. परीक्षेची वाट मात्र मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते, आणि आपल्या राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा अर्जही आहे. ज्या गावात यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे, तिथे वर्गाबाहेर राहून शिकणे कमी प्रतीचे का मानले जाते, हे मला समजत नाही.

या निर्णयाची किंमत आम्ही मोजली आहे. माझा पगार थांबला आणि घराचे कर्ज लांबले. मुलगी खो-खोच्या संघात होती, तो संघ सुटला, आणि नव्या मैदानावर मैत्रिणी मिळेपर्यंत तिने जो एकटेपणा सोसला त्याला आम्ही जबाबदार आहोत. हेही स्पष्ट लिहिते की आमची वाट सर्वांनी धरावी असे माझे म्हणणे नाही. ज्या घरात दोघांनाही सकाळी कामावर जावे लागते, ज्या मुलाला दुपारचे गरम जेवण शाळेतच मिळते, त्याला शाळाच हवी, आणि ती चांगली असावी यासाठी आपण सर्वांनी भांडले पाहिजे.

काकांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून देईन. त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, रानातल्या घरात त्यांना पहाटे उठवून संस्कृत शिकवले, आणि त्याच बळावर १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटले. पुढे ख्रिस्ती झाल्यावर याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, कारण ज्या मुलींना तशी आई लाभली नव्हती, त्यांच्यासाठी शाळाच आई व्हायला हवी होती. माझ्या आजीला तिच्या आईकडून अक्षर मिळणे शक्य नव्हते, म्हणून बोर्डिंगने ते दिले. माझ्या मुलांना ते माझ्याकडून मिळू शकते, आणि मिळू शकते ते त्या बोर्डिंगमुळेच.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. आठवीपासून पुन्हा शाळेत जायचे आहे, असे तिने महिन्याभरापूर्वी आम्हाला सांगितले. तिला प्रयोगशाळा हवी आहे आणि संघ हवा आहे. आम्ही दोघांनी त्यावर प्रार्थना केली आणि तिला होकार दिला. वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यातच आहे, त्यामुळे जूनसाठी दोन शाळांत चौकशी सुरू केली आहे. शाळा निवडताना आम्ही एकच गोष्ट पाहत आहोत, ती म्हणजे रविवारची सकाळ आणि वडिलांच्या सुट्टीचा दिवस आमच्याकडे राहील का. धाकटा अजून घरीच शिकणार आहे. त्याने आणि त्याच्या वडिलांनी सध्या पुस्तकांसाठी एक कपाट करायला घेतले आहे.