माजी राजधान्यांचा दौरा

"पण तिथं हाय काय?"

गेल्या वीस दिवसांत हा प्रश्न मला सतरा जणांनी विचारला. आकडा अंदाजे नाही, सासऱ्यांच्या फाइलीत नोंद आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली, फाइल मात्र अजून सेवेत आहे. आमच्या घरी गॅसचा नंबर लावला तरी त्याला जावक क्रमांक पडतो. त्यामुळे 'दिवाळी सहल' अशी चिठ्ठी डकवलेली फाइल डायनिंग टेबलावर आली, तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

तसं पाहिलं तर चूक माझीच. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमच्या नागपूरच्या प्रतापनगरातल्या घरात सुट्टीत कुठं जायचं हा विषय निघतो, आणि निकाल ठरलेला असतो. चिखलदरा, पचमढी, नाहीतर पुण्याला नणंदेकडे. पचमढीला तर इतक्या वेळा गेलो की आमच्या बॅगेचा कोणता कप्पा खाण्याचा, हे तिथल्या माकडांना पाठ आहे. यंदा मी म्हटलं, गर्दीत जायचंच नाही. जिथं कुणी जात नाही अशी जुनी शहरं पाहू.

"कुणी जात नाही तर काही कारण असंल ना," नवरा पोह्यांवर तर्री ओतत म्हणाला.

कारण मला ठाऊक होतं. ही शहरं निवृत्त झाली आहेत. एकेकाळी राजधान्या होत्या, दारात हत्ती झुलत होते. मग राज्य गेलं, दरबार उठला, आणि गाव तालुक्याचं नाहीतर जिल्ह्याचं ठिकाण होऊन गप बसलं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. १९५६ पर्यंत नागपूर स्वतः जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आता डिसेंबरात अधिवेशन असतं तेवढे दिवस शहराला पुन्हा कोट चढवतात, रस्त्यांवर पांढरे पट्टे मारतात, आणि गाड्यांचे ताफे विमानतळाकडे वळले की कोट परत कपाटात.

"माजी राजधान्यांचा दौरा करू," मी जाहीर केलं. 'माजी' हा शब्द ऐकताच बाबांनी पेपर खाली ठेवला.

तिथून प्रकरण माझ्या हातातून गेलं. "प्रस्ताव लेखी द्या, सूनबाई," ते म्हणाले. मी रात्री बसून कागद केला. बहमनी राज्य मोडलं तेव्हा त्याचे पाच तुकडे झाले: अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा, बीदर आणि आपला वऱ्हाड. भावांत वाड्याची वाटणी व्हावी तसंच ते. वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर. १४९० ची गोष्ट. त्याच्या पश्चिमेला तापीकाठी फारुकी सुलतानांचं बऱ्हाणपूर. आणि दक्षिणेला, मूळ वाड्याचा देवघराचा कोपरा म्हणावा असं, खुद्द बीदर. अचलपूर, बऱ्हाणपूर, बीदर. तीन माजी राजधान्या, पाच दिवस, एक गाडी.

नकाशा उघडल्यावर कळलं, की राजधान्या वसवताना या सुलतानांनी नागपूरकरांच्या दिवाळीच्या सुट्टीचा काही एक विचार केलेला नव्हता. बऱ्हाणपूर एका टोकाला आणि बीदर नांदेड-उदगीरवरून जवळपास पाचशे किलोमीटर दुसऱ्या टोकाला. दोन्ही एका खेपेत करायचं म्हणजे बर्डीवर जाताना वाटेत कामठी करण्यासारखं. पुण्याच्या नणंदेनं तर ग्रुपवर विचारलं, "वहिनी, तुला बीड म्हणायचंय का?"

पण बीदरवरून घरात जे घडलं ते सांगितलंच पाहिजे.

बाबांच्या निरोप समारंभात कर्मचाऱ्यांनी त्यांना एक फुलदाणी दिली होती. काळीभोर, गळ्याशी बारीक पांढरी वेलबुट्टी. शोकेसमध्ये गणपतीशेजारी ती असते. माझ्या प्रस्तावात मी बीदरच्या कलाकुसरीबद्दल लिहिलं होतं: जस्त आणि तांब्याचा मिश्रधातू, त्यात ठोकून बसवलेली चांदीची तार, आणि शेवटी नवसागराबरोबर किल्ल्यातली जुनी माती लावून काळा करायचा. त्या मातीनं धातू काळा होतो, चांदी मात्र तशीच पांढरी राहते. बाबा वाचता वाचता थांबले, शोकेसकडे पाहिलं, उठून फुलदाणी आणली आणि खिडकीच्या उजेडात फिरवली. मग मला दाखवली. तळाशी, अंगठ्याएवढ्या जागेत, काळेपणा जाऊन मळकट राखाडी रंग दिसत होता.

"अहो, हे कशानं झालं?"

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कशानं म्हंजे? अकरा वर्षं झाली, चिंच लावून घासून राहिली मी. लोकांनी जळकं भांडं देऊन दिलं तुम्हाले, मी कोणाला बोलली नाही."

बाबांनी त्या दिवशी फाइलीत काहीही लिहिलं नाही.

संध्याकाळी त्यांना बरं वाटावं म्हणून मी महमूद गावानची गोष्ट सांगितली. बहमनींचा वजीर. इराणातून आलेला, हुशार माणूस. बीदरला त्यानं मोठा मदरसा बांधला, १४७२ मध्ये. पण दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला, त्यावर राजद्रोहाचं पत्र लिहिलं, आणि सुलतानानं चौकशी न करता १४८१ मध्ये त्याचं डोकं उडवलं. बाबा एकदम सरसावून बसले. "कोऱ्या कागदावर शिक्का! एकोणचाळीस वर्षं नोकरी केली, कोऱ्या कागदावर मी सही केली नाही. एकदा साहेब माझ्यावर ओरडले तरी केली नाही." त्या साहेबांची गोष्ट आम्हाला पाठ आहे, तरी पुन्हा ऐकली. गावान इतका जवळचा वाटायला लागला, की बाबा त्याचा उल्लेख 'गावान साहेब' असा करू लागले.

सासूबाईंची अट वेगळी. त्यांना सहलीत एक तरी देव पाहिजे. ती अटही बीदरनं पूर्ण केली. तिथं झरणी नरसिंहाचं देऊळ आहे, गुहेत. कमरेच्या वर, छातीपर्यंत पाण्यातून बोगद्यातून चालत गेलं की आत दर्शन. मी हे भीतभीतच सांगितलं, कारण त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. आमच्या पहिल्या मजल्यावर चढताना त्या तीनदा विश्रांती घेतात. त्या म्हणाल्या, "पाण्यात गुडघ्याला आराम असते. मी जाईन." नवऱ्याच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानं ताबडतोब भाऊबीजेचा मुद्दा काढला. नणंद त्या दिवशी नागपुरात, तेव्हा हातात दिवस चारच. बीदर पुढल्या वर्षावर गेलं. फाइलीत शेरा पडला, 'तूर्त स्थगित'.

म्हणजे उरलं अचलपूर आणि बऱ्हाणपूर. अचलपूरबद्दल घरात कुणी फार बोललं नाही. परतवाड्याला लागूनच असल्यामुळे चिखलदऱ्याला जाताना दरवेळी आम्ही त्याच्या अंगावरून गेलो आहोत. इमादशाहीची राजधानी आमच्यासाठी चहा आणि 'कुणाला जायचं असेल तर जाऊन या' एवढ्यापुरती होती. वर गाविलगड आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो भोसल्यांकडून घेतला. चिखलदऱ्याला सहा वेळा जाऊन आम्ही किल्ल्याकडे पाठ करून कणीस खाल्लं, याची मला लाज वाटते. नवऱ्याला वाटत नाही. तो म्हणतो कणीस चांगलं होतं.

खरी लढाई बऱ्हाणपूरवर झाली.

"आग्र्याचा ताजमहाल पाहिला ना आपण," नवरा म्हणाला. पाहिलाय. लग्नानंतर, त्या बाकावर बसून, सर्वांसारखा फोटोही आहे. पण ज्या बाईसाठी तो बांधला ती गेली बऱ्हाणपूरला. १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात. आधी तिला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं, काही महिन्यांनी आग्र्याला नेलं.

सासूबाई वाती वळत होत्या. हात थांबला.

"चौदावं?"

"हो आई."

"आणि हा माणूस महाल बांधून राहिला!" त्यांनी वात ताटात आपटली. "तिले महाल कशाले पाहिजे होता? तिले आराम पाहिजे होता, बाप्पा." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तिथंच जाऊ. आग्र्यात त्याचंच कौतुक झालं."

माझ्या मते मुमताजवर आजवर जे लिहिलं गेलं त्यात एवढं नेमकं क्वचितच कुणी बोललं असेल. देवाची अट त्यांनी स्वतःहून मागं घेतली.

बाबांना मात्र महाल-बेगमांत रस नव्हता. त्यांना मी कुंडी भंडारा दाखवला. १६१५ च्या सुमाराला, मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळातलं काम. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालीच अडवायचं, बोगद्यांतून बेतशीर उतार देत शहराकडे आणायचं आणि वाटेत विहिरीसारख्या कुंड्या ठेवायच्या, हवा खेळायला आणि गाळ काढायला. अशा शंभरावर कुंड्या, सगळ्या आतून एकमेकींना जोडलेल्या. पंप नाही, मोटार नाही. आता एका कुंडीत लिफ्टनं उतरता येतं.

"वीजबिल शून्य," बाबा हळूच म्हणाले. त्यांनी आमच्याच वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं उताराचा छेद काढला: डोंगर, बोगदा, कुंड्या, तापी. रात्री साडेअकराला आमच्या खोलीचं दार वाजलं. "सूनबाई, देखभाल-दुरुस्ती कोणाकडे होती? बांधून सगळेच जातात. चारशे वर्षं गाळ कोण काढून राहिलं?" मला माहीत नव्हतं. "विचारा," म्हणाले. कुणाला, ते सांगितलं नाही.

मुलांची मतं विकत घ्यावी लागली. बऱ्हाणपूरची माव्याची जिलबी काळपट तपकिरी आणि चांगली जाडजूड असते, हे ऐकून मुलगा फुटला. मुलीनं विचारलं, तिथं नेटवर्क आहे का. बऱ्हाणपुरात आहे, असं मी ठामपणे सांगितलं. परतवाडा ते बऱ्हाणपूर रस्ता मेळघाटातून, हरिसाल-धारणीवरून जातो. त्या टापूत नेटवर्क किती मिळतं, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नवऱ्याची अट एकच, बाथरूम स्वच्छ पाहिजे. सगळ्या राजवटी बुडाल्या तरी ही अट टिकून राहील.

सात सीटची गाडी, माणसं सहा. सातव्या सीटवर दावा सांगायला शेजारच्या काकू येऊन गेल्या. आधी "तिथं हाय काय?" विचारून, मग बालीच्या आपल्या सहलीचे एकशे बारा फोटो दाखवून, मग "नाहीतरी जागा हाय तर" असं म्हणून. सासूबाईंनी ती सीट चिवड्याच्या पत्र्याच्या डब्याला आणि पाण्याच्या कॅनला आधीच दिली होती. काकूंच्या थोडं लागलं मनाला. पण चिवडा दोन किलो होता.

राहिलं हॉटेल. बऱ्हाणपूरच्या एका हॉटेलला मी फोन लावला.

"लूम के काम से आ रहे हो मॅडम?"

"नहीं."

"शादी में?"

"नहीं भैया, घूमने."

पलीकडे शांतता. मागे कुठंतरी मागाचा खटखटाट ऐकू येत होता, तेवढाच. मग अतिशय काळजीच्या आवाजात: "घूमने... यहाँ? मॅडम, ओंकारेश्वर तो आगे है."

मी म्हटलं, मला ओंकारेश्वर ठाऊक आहे, मला बऱ्हाणपूरच पाहिजे, तीन खोल्या, दोन रात्री.

"लेकिन यहाँ है क्या?"

सतरावा. बाबांनी नोंद केली.

मग मी त्याला सगळं सांगितलं. मुमताज, जैनाबाद, शाही किल्ल्यातला तो रंगवलेला हमाम, कुंडी भंडारा, अर्ध्या तासावरचा असीरगड, जो अकबराला शेवटी १६०१ मध्ये मिळाला. वीस दिवस सोळा जणांना सांगून माझं इतकं पाठ झालं होतं की मध्ये श्वासही घेतला नाही. तो फक्त "अच्छा", "अच्छा" करत होता. खोल्या मिळाल्या. बाथरूमबद्दल विचारलं तर "एकदम टनाटन" म्हणाला, जे नवऱ्याला पटलं नाही.

काल रात्री बॅगा भरून झाल्या. चिवडा गाडीत गेला. बाबांनी फाइलीवर 'मंजूर' लिहून सही केली, तारीख घातली. तेवढ्यात फोन वाजला. बऱ्हाणपूरचा नंबर. माझ्या पोटात गोळा आला. खोल्या लग्नाच्या वऱ्हाडाला दिल्या असणार.

"मॅडम, आप कल आ रहे हो ना पक्का?"

"हाँ, क्यों?"

"वो आपने कुंडी वाला बोला था ना... मैंने घर में बताया. मिसेस बोली, हम लोग तो कभी गए ही नहीं." जरा थांबला. "बच्चे भी नहीं गए. आप लोग किस टाइम निकलोगे? हम भी चार जन चलेंगे साथ में."

मी फोनवर हात ठेवून घरात सांगितलं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. सासूबाई उठल्या आणि चिवड्याचा दुसरा डबा काढायला निघाल्या. बाबांनी फाइल पुन्हा उघडली, 'प्रवासी संख्या ६' याच्यापुढे अधिक चिन्ह काढून ४ लिहिलं आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले,

"त्याला विचारा, गाळ कोण काढते."