कमी मेमरीची चाचणी: काही हमखास युक्त्या

कमी मेमरीच्या मशीनवर लिनक्स कसं वागतं हे तपासायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर घाबरू नका. फक्त कमी मेमरीचं मशीन आणायच्या फंदात पडू नका. तो ४ जीबीचा जुना लॅपटॉप, आतल्या फिरत्या हार्ड डिस्कसकट, माळ्यावरच बरा आहे.

टेबलावर ६४ जीबीचं मशीन आहे ना? त्यातच २ जीबीचं व्हर्च्युअल मशीन उभं करा. त्याची 'डिस्क' म्हणजे यजमान मशीनवरची एक फाइल, आणि यजमानाची कॅश चालू ठेवलीत की ती फाइल तुमच्या ऐसपैस रॅममध्ये येऊन बसते. बिचारं गरीब मशीन डिस्कपुढे हात पसरतं आणि पदरात पडते रॅम. आकडे कसे सुरेख येतात बघा! कुणी शंका काढलीच, तर ते ६४ जीबीचं मशीनच बूट करताना 'मेम=४जी' द्या. रॅम चार जीबीच दिसेल. एनव्हीएमई, म्हणजे ती सुसाट डिस्क, आणि प्रोसेसरचे सोळा कोअर जागच्या जागी. त्यांच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

एक जागा मात्र अडचणीची आहे, तिथे जाऊच नका. स्वॅप (रॅममधला डेटा तात्पुरता ठेवायची डिस्कवरची जागा) नसलेल्या मशीनवर ब्राउझरचे टॅब उघडत गेलं की रॅम भरते. टॅबमधला डेटा बाहेर ठेवायला जागा नाही, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हाकलतो कुणाला? चालू प्रोग्रॅमच्या कोडची पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, एकेक ४ केबीचा. त्यांची प्रत डिस्कवर आहेच, मग हरकत काय! पण पुढच्याच क्षणी तोच कोड चालवायचा असतो. मग ते पान डिस्कवरून परत आणा, त्याच्यासाठी दुसरं हाकला, आणि ते दुसरं नेमकं माउसचा बाण हलवणाऱ्या प्रोग्रॅमचं निघतं. डिस्कचा दिवा विझत नाही, बाण मधूनच एक उडी मारतो आणि पुन्हा गप्प. कर्नलचं हे दात कोरून पोट भरणं चालू असताना ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम मारून जागा करणारा कर्नलचा भाग, निवांत झोपलेला असतो, आणि तेही नियमाला धरून. पानं मोकळी होताहेत, अर्थात मेमरी संपलेली नाही. कागदोपत्री टंचाई जाहीर झाल्याशिवाय टँकर सुटत नाही, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

मोजायचंच असेल तर कर्नल कंपाइल करायला एकूण किती वेळ लागला ते मोजा. सरासरी काढा. सरासरीत गोठलेली मिनिटं छान विरघळतात. २०१८ साली कर्नलच्या ४.२० आवृत्तीत 'प्रेशर' नावाची सोय आली, तिकडे ढुंकूनही पाहू नका. तिथल्या 'फुल' या ओळीत सगळी कामं एकदमच मेमरीसाठी किती टक्के वेळ ताटकळली ते सरळ छापून येतं. असला आगाऊपणा हवाय कुणाला?

फेडोरा या लिनक्सच्या वितरणाने (तयार संचाने) २०२० मध्ये अर्लीओओएम आणि पुढच्याच वर्षी सिस्टमडी-ओओएमडी सुरू करून दिलं; मशीन गोठण्याआधीच एखादा प्रोग्रॅम मारणारे हे कर्नलबाहेरचे पहारेकरी. तुमच्या पथ्यावरच पडलं. आता 'हे कर्नलबाहेरच्यांनी बघायचं' म्हणता येतं. बाहेरचे 'हे कर्नलने बघायचं' म्हणायला आहेतच. कर्नलच्या ६.१ आवृत्तीत आलेल्या एमजीएलआरयूने, म्हणजे कुठलं पान हाकलायचं ते ठरवायच्या नव्या पद्धतीने, मात्र घोळ केला. गुगलच्या लोकांनी ते चक्क क्रोमबुक आणि अँड्रॉइडवर, म्हणजे मेमरी खरोखर कमी पडते तिथे घासून पाहिलं. असा पायंडा पडला तर तुमचं कसं व्हायचं?

राहता राहिला मशीन गोठतं अशी तक्रार करणारा. त्याला आधी 'रॅम वाढवा' सांगा. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे म्हणाला, तर कीबोर्डवरच्या ऑल्ट, सिसआरक्यू आणि एफ या किल्ल्या एकदम दाबून ओओएम किलरला उठवायला सांगा. कित्येक वितरणांत ही किल्ली मुळात बंदच असते, पण तेवढा वेळ तो गुंततो. तरीही चिकाटी सोडत नसेल, तर मशीन गोठलं त्या क्षणाचे लॉग मागा. तो म्हणेल, मशीनच गोठलं होतं, शेवटी पॉवरचं बटण दाबून बंद केलं, लॉग लिहिणार कोण? शाब्बास. 'माहिती अपुरी' असा शेरा मारा आणि तक्रार निकाली काढा.