ऐन जालूत, गवत आणि पाच चुकीचे दावे

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: चंगीझखानाच्या काळापासून मंगोल कुणाकडूनही हरले नव्हते, ३ सप्टेंबर १२६० रोजी पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूत येथे इजिप्तच्या मूठभर ममलूकांनी (गुलाम म्हणून आणून घडवलेल्या सैनिकांनी) चंगीझखानाचा नातू हुलागूखान याच्या अफाट सैन्याचा धुव्वा उडवला, त्या दिवशी जगात प्रथमच तोफ डागली गेली, ते इस्लाम आणि मंगोल यांच्यातले निखळ धर्मयुद्ध होते, आणि त्या एका दिवसाने मंगोलांची आगेकूच कायमची थांबून युरोपही वाचला. तारीख, ठिकाण आणि विजेता एवढे सोडले तर यातले प्रत्येक विधान चुकीचे तरी आहे किंवा अर्धवट तरी. ममलूकांचा पराक्रम लहान करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी खरोखर जे केले त्याचा या मजकुरात उल्लेखच नाही, याची मला खंत वाटते.

पहिला दावा मंगोलांच्या अजिंक्यपणाचा. ऐन जालूतच्या ३९ वर्षे आधी, १२२१ मध्ये, काबूलच्या उत्तरेला परवान येथे मध्य आशियातल्या ख्वारज्म राज्याचा राजपुत्र जलालुद्दीन याने शिगी कुतुकू या मंगोल सेनापतीचा समोरासमोरच्या लढाईत पराभव केला होता. जुवैनी या फारसी इतिहासकाराने ती लढाई बारकाईने वर्णिली आहे. जलालुद्दीनने आपल्या स्वारांना घोड्यांवरून उतरवले आणि लगाम हाती धरून पायी लढायला लावले. दुसऱ्या दिवशी मंगोलांनी मोकळ्या घोड्यांवर बाहुली बसवून मागून नवी कुमक आल्याचा देखावा केला, तरीही जलालुद्दीनची फळी फुटली नाही. विजयानंतर मात्र लुटीतल्या एका घोड्यावरून त्याच्याच दोन सरदारांत भांडण जुंपले, एकाने दुसऱ्याला चाबूक मारला, आणि अर्धे सैन्य छावणी सोडून निघून गेले. काही आठवड्यांतच सिंधूच्या काठी चंगीझखानाने जलालुद्दीनला गाठून हरवले. परवानचा विजय टिकला नाही, हे खरे. पण मंगोल हरू शकतात हे तिथेच दिसले होते. पुढे १२२३ च्या सुमारास व्होल्गाकाठच्या बुल्गारांनीही परतीच्या वाटेवरच्या एका मंगोल फौजेला मोठा फटका दिला. ऐन जालूतला विजयी झालेला सुलतान कुतुझ स्वतःला ख्वारज्मशाहाच्याच घराण्यातला म्हणवत असे, असे अरबी इतिहासकार नोंदवतात. म्हणजे परवानची आठवण निदान त्याच्या मनात तरी असणार, असे मला वाटते.

दुसरा दावा सैन्यसंख्येचा, आणि तो सर्वांत जास्त दिशाभूल करणारा आहे. हुलागू ऐन जालूतला नव्हताच. फेब्रुवारी १२५८ मध्ये बगदाद आणि जानेवारी १२६० मध्ये अलेप्पो घेतल्यानंतर तो आपल्या सैन्याचा मोठा भाग घेऊन अझरबैजानकडे परतला आणि सीरियात कित्बुका या सेनापतीला ठेवून गेला. कित्बुकाजवळ दहा ते वीस हजार स्वार असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कुतुझचे सैन्य निदान तेवढे, आणि बहुधा त्याहून मोठे होते. त्यामुळे ‘मूठभर विरुद्ध अफाट’ हे चित्र उलटे धरले तरच वस्तुस्थितीच्या जवळ जाईल.

हुलागू परतला का, याचे प्रचलित उत्तर असे की ऑगस्ट १२५९ मध्ये त्याचा भाऊ, महाखान मोंगके, चीनमधल्या मोहिमेत मरण पावला आणि वारसाचा तंटा उभा राहिला. हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. हुलागूने १२६२ मध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई याला पाठवलेल्या पत्रात स्वतः वेगळे कारण दिले आहे: सीरियातले धान्य आणि गवत संपले होते, आणि उन्हाळ्यात थंड डोंगराळ मुलखात जाण्याची मंगोलांची रीत होती. हे कारण समजून घेण्यासाठी एक साधा हिशेब पुरे. एका मंगोल स्वाराजवळ एकाहून अधिक घोडे असत. पाच धरले तर दहा हजारांच्या एका तुमानामागे पन्नास हजार घोडे होतात. एका घोड्याला दिवसाला कमीत कमी वीस लिटर पाणी धरले, तरी रोज दहा लाख लिटर पाणी लागते, आणि चारा वेगळाच. मंगोलांची जनावरे दाण्यावर पोसली जात नसत, ती चरत असत. मंगोलियातल्या कुरणांवर हे चालते. पावसाळा आटोपल्यावर करपून जाणाऱ्या सीरियाच्या माळावर उन्हाळाभर चालणे कठीण. ज्यांनी फेब्रुवारी-मार्चनंतरचा मराठवाड्यातला माळ पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कित्बुकाने लढाईसाठी झऱ्याकाठची जागा धरली, त्यामागेही पाणी आणि चराई हेच कारण असावे. ऐन जालूत या नावाचाच अर्थ ‘जालूतचा (म्हणजे बायबलमधल्या गोलियथचा) झरा’.

प्रत्यक्ष लढाईबद्दलही मजकुरात एकच गोष्ट सांगितली जाते: कुतुझचा सरदार बैबर्स याने माघारीचे सोंग करून मंगोलांना सापळ्यात ओढले. इराणमधल्या मंगोल दरबाराचा इतिहासकार रशीदुद्दीन दबा धरून केलेल्या हल्ल्याबद्दल लिहितो, हे खरे. ममलूकांच्या बाजूचे वृत्तान्त मात्र वेगळे बोलतात. त्यांच्या मते मंगोलांच्या पहिल्याच धडकेत मुसलमान सैन्याची डावी बगल कोसळली, तेव्हा कुतुझने शिरस्त्राण काढून जमिनीवर फेकले, ‘वा इस्लामाह’ अशी आरोळी दिली आणि स्वतः पुढे होऊन फळी सावरली. सीरियातल्या होम्सचा, सलाहुद्दीनच्या अय्यूबी घराण्यातला अमीर अल-अश्रफ मूसा मंगोलांच्या बाजूने उभा होता; ऐन लढाईत तो आपली तुकडी घेऊन निघून गेला. कित्बुका मारला गेला आणि लढाई संपली. जिंकलेले ममलूक कोण होते, हेही पाहायला हवे. त्यांतले बरेचसे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले किपचाक तुर्क होते, आणि खुद्द बैबर्सही त्यांतलाच. मंगोलांच्या स्वाऱ्यांनी उद्ध्वस्त झालेल्या टोळ्यांतली मुले गुलाम म्हणून विकली गेली, इजिप्तमध्ये आली, आणि तिथे वर्षानुवर्षे तिरंदाजी, भाला आणि घोडेस्वारीचे शिक्षण घेऊन सैनिक झाली. मंगोलांना हरवणारे धनुष्य मंगोलांच्याच शेजारच्या माळावरून आले होते.

तोफेच्या दाव्यावर फार वेळ घालवायचे कारण नाही. ‘मिदफा’ नावाच्या हातात धरायच्या नळीचे वर्णन ज्या अरबी हस्तलिखितांत आहे, ती चौदाव्या शतकातली आहेत. लढाईच्या जवळच्या काळातला एकही इतिहासकार तिथे बंदूक किंवा तोफ चालल्याचे सांगत नाही.

आता धर्मयुद्धाचा दावा. कुतुझची आरोळी आणि बगदादच्या खलिफाच्या हत्येचे दुःख या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यांनी सैनिकांना बळ दिले. पण दोन्ही बाजूंना कोण उभे होते ते पाहा. कित्बुका नेस्टोरियन ख्रिस्ती होता, त्याच्या सैन्यात जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या तुकड्या होत्या, आणि अय्यूबी घराण्यातले मुसलमान अमीरही होते. उलट पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अक्का शहराचे ख्रिस्ती धर्मयोद्धे लढाईत उतरले नाहीत, तरी त्यांनी ममलूक सैन्याला आपल्या मुलखातून जाऊ दिले आणि रसद विकत घेऊ दिली. दोनच वर्षांनी हुलागूवर चालून गेला तो त्याचाच चुलतभाऊ, रशियाकडच्या मंगोलांचा खान बर्के, जो स्वतः मुसलमान होता आणि पुढे बैबर्सचा मित्र बनला. १२९५ मध्ये इराणचा मंगोल इलखान गाझान मुसलमान झाला आणि त्यानंतरच सीरियावर चालून आला. तेव्हा दमास्कसमध्ये इब्न तैमिय्या या धर्मशास्त्र्याला, इस्लामची ग्वाही देणाऱ्या मंगोलांशी लढणे धर्माने योग्य आहे की नाही, यावर फतवे द्यावे लागले. हा संघर्ष सरळ दोन धर्मांतला असता तर असा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

‘कायमची थांबवली’ या दाव्याला तर तारखाच उत्तर देतात. ऐन जालूतनंतर तीन महिन्यांनी मंगोल पुन्हा सीरियात होते आणि होम्सजवळ पुन्हा हरले. १२८१ मध्ये त्याच होम्सजवळ त्यांनी कलावून या सुलतानाशी मोठी लढाई केली. डिसेंबर १२९९ मध्ये वादी अल-खझनदार येथे गाझानने ममलूकांचा साफ पराभव केला, दमास्कस काही काळ त्याच्या हाती होते, आणि फेब्रुवारी १३०० मध्ये तो स्वतःहून परतला. एप्रिल १३०३ मध्ये मर्ज अल-सुफ्फर येथे मंगोल हरले, आणि तह झाला तो १३२३ मध्ये. युरोपचा तर ऐन जालूतशी संबंधच जोडता येत नाही. हंगेरीतून मंगोल १२४२ मध्येच परतले होते, आणि तिकडच्या स्वाऱ्या वेगळ्या खानाच्या, वेगळ्या सैन्याच्या होत्या; त्या १२८५ मध्ये हंगेरीवर पुन्हा झाल्याच. आपल्याकडचा पुरावाही जवळच आहे. १२९९ ते १३०६ या काळात मंगोल दिल्लीच्या वेशीपर्यंत एकाहून अधिक वेळा आले आणि अलाउद्दीन खलजीच्या सैन्याने त्यांना मागे रेटले. त्याच अलाउद्दीनने १२९६ मध्ये देवगिरीच्या यादवांकडून लुटलेल्या संपत्तीच्या जोरावर दिल्लीचे तख्त मिळवले होते. १३०६ मध्ये मंगोलांशी लढलेला मलिक काफूर पुढच्या एक-दोन वर्षांत देवगिरीवर चालून आला.

मग ममलूकांनी खरोखर काय केले? कुतुझ तर लढाईनंतर दोन महिन्यांच्या आत, कैरोला परतताना, बैबर्स आणि त्याच्या साथीदारांकडून मारला गेला. सीरिया राखण्याचे काम बैबर्सने केले, आणि त्याची साधने रणांगणावर दिसणारी नव्हती. कैरो ते दमास्कस टप्प्याटप्प्याने घोडे बदलणारी टपाल व्यवस्था त्याने उभी केली. युफ्रेटिसवरचा अल-बीरा किल्ला मंगोलांनी वेढला की धुराच्या आणि जाळाच्या खुणा डोंगरमाथ्यांवरून पुढे सरकत आणि ती बातमी वेगाने इजिप्तकडे निघे. सीमेच्या पलीकडे मात्र त्याने तलवारीआधी आग पाठवली. मंगोल सैन्य ज्या वाटेने येण्याचा संभव असे, तिथली कुरणे जाळण्यासाठी तो माणसे धाडत असे, म्हणजे पुढच्या हंगामात येणाऱ्या घोड्यांना त्या वाटेवर काळी जमीनच लागावी.